प्रसविकेच्या हाती बाळंतपण

गर्भारपण आणि बाळंतपण या स्त्रीच्या शरीराच्या स्वाभाविक क्रिया असून बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत त्या शस्त्राशिवाय सुखरूप पार पडतात. परंतु काहींच्या बाबतीत याच क्रियेत, आणि पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न मिळता, जिवावर बेतणारी गुंतागुंत निर्माण होते, आणि ती नेमकी कोणाच्या वाट्याला येईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवून गर्भवतीची घेतलेली काळजी म्हणजे प्रसविका-सेवा होय. जिचे सारे सुरळीत चालले आहे तिच्या प्रसूतीत उगाच हात घालायचा नाही, तिच्याजवळून हलायचेही नाही, आणि बिघाडाची पहिली खूण दिसताच वेळ न दवडता डॉक्टरांना बोलवायचे, ही या सेवेची शिस्त आहे. ब्रिटन, नेदरलँड्स, न्यूझीलंड अशा देशांत निरोगी गर्भवतीची मुख्य जबाबदारी प्रसविकेकडेच असते. भारतात मात्र ही व्यवस्था आता कुठे नव्याने उभी राहत आहे, आणि म्हणूनच तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी हे गर्भवतीला आणि तिच्या घरच्यांना नीट माहीत असणे गरजेचे आहे.

आपल्याकडे बाळंतपणात मदत करणाऱ्या तीन वेगवेगळ्या स्त्रियांची सरमिसळ होते. पहिली गावची सुईण किंवा दाई, जी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून आणि अनुभवातून शिकलेली असते. दुसरी उपकेंद्रातील एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिका-प्रसविका, जिच्याकडे लसीकरणापासून कुटुंब नियोजनापर्यंत अनेक कामे असतात आणि बाळंतपण हे त्यांपैकी एक असते. तिसरी आहे ती केंद्र सरकारने २०१८ साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तयार होणारी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’. जनरल नर्सिंग किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केलेल्या परिचारिकेला आणखी १८ महिने फक्त गर्भारपण, प्रसूती आणि नवजात बाळ यांचे शिक्षण आंतरराष्ट्रीय प्रसविका महासंघाच्या निकषांना धरून दिले जाते, तेव्हा ती या पदाला पात्र ठरते. या लेखात प्रसविका म्हटले आहे ते या तिसऱ्या प्रकारच्या स्त्रीला.

महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या सुईणीकडे होते. नाळ कापणे आणि वार पुरणे ही कामे विटाळाची मानली जात असल्याने अनेक ठिकाणी ती उपेक्षित जातींतील स्त्रियांवर सोपवली जात. त्यांच्या कौशल्यावाचून कोणत्याच घराचे चालत नसे, पण त्या कौशल्याला मान मात्र समाजाने दिला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आधुनिक वैद्यकाचे लक्ष या विषयाकडे वळले. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडाने स्त्रियांसाठी दवाखाने काढण्याबरोबर दायांच्या प्रशिक्षणाचेही काम हाती घेतले, आणि त्याच सुमारास, १८८६ मध्ये, फिलाडेल्फियाहून वैद्यकीय पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी यांनी प्रबंधासाठी हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता. पुढे रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना परिचारिकेच्या व प्रसूतीच्या कामाचे शिक्षण देऊन त्यांच्या हाती सन्मानाचा व्यवसाय दिला.

स्वातंत्र्यानंतर एएनएमचे पद निर्माण झाले तेव्हा तिचे शिक्षण मुख्यतः प्रसूतीच्या कामासाठीच होते. परंतु १९७३ साली कर्तारसिंग समितीने एकाच कर्मचाऱ्याने अनेक कामे करावीत अशी शिफारस केली, त्यानंतर एएनएमचे प्रशिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आले, आणि कुटुंब नियोजनाची उद्दिष्टे व लसीकरणाच्या मोहिमा यांच्या ओझ्याखाली तिचे मूळ काम हळूहळू मागे पडत गेले. दायांना वेळोवेळी शिबिरे घेऊन शिकवण्याचे प्रयत्न झाले, तरी रक्तस्राव किंवा झटके यांपुढे दाई हतबलच राहिली, कारण तिच्या पाठीशी औषधे नव्हती, वाहन नव्हते आणि दवाखानाही नव्हता. तिच्या अडाणीपणाला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांनी ही बाजू क्वचितच विचारात घेतली. पाठबळ मिळाल्यावर गावातल्याच स्त्रिया काय करू शकतात हे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवून दिले. त्यांनी शिकवलेल्या आरोग्यदूत स्त्रिया आणि सुईणी यांच्या मदतीने घरच्या घरी केलेल्या नवजात-देखभालीमुळे बालमृत्यू किती घटले याचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला, आणि त्यानुसार जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रियांना रोख साहाय्य मिळू लागले. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण हे सर्व विनामूल्य झाले. परिणामी, २००५-०६ मध्ये देशातील सुमारे ३९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती, ते प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ८८.६ टक्क्यांवर गेले. मातामृत्यूंचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावल्या यावरून मोजतात. २००४-०६ मध्ये ते भारतात २५४ आणि महाराष्ट्रात १३० होते, तर २०१८-२० मध्ये अनुक्रमे ९७ आणि ३३ झाले. हे यश फार मोठे आहे आणि प्रसविका-सेवेची बाजू मांडताना त्याला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

मात्र या यशाबरोबर दोन नव्या अडचणी आल्या. मोठ्या सरकारी रुग्णालयांतील प्रसूतिकक्षात एका वेळी अनेक स्त्रिया कळा देत असतात आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्या परिचारिका इतक्या थोड्या असतात की कोणाच्याही जवळ थांबणे शक्य होत नाही. नातेवाईक दाराबाहेर, अपरिचित जागा, वर रागावून बोलणे, आणि क्वचित त्याहूनही वाईट वागणूक, हे अनेक स्त्रियांनी सोसलेले आहे. दुसरीकडे, खासगी रुग्णालयांत सिझेरियनचे प्रमाण झपाट्याने वाढले. त्याच पाहणीनुसार देशात २१.५ टक्के आणि महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, पण देशातील खासगी रुग्णालयांपुरते पाहिले तर हा आकडा ४७.४ टक्के भरतो. वेळेवर केलेले सिझेरियन जीव वाचवते, यात शंका नाही; परंतु गरज नसताना केलेल्या शस्त्रक्रियेमुळे रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा धोका वाढतो, आणि पुढच्या गर्भारपणात वार जुन्या व्रणावर खोलवर रुजण्याची शक्यताही वाढते.

या दोन्ही अडचणींवर एकच उपाय पुरेसा आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल, पण प्रसविका-सेवा दोहोंनाही भिडते, आणि तिच्यामागे भक्कम पुरावा आहे. २०१६ च्या कोक्रेन आढाव्यात १५ चाचण्यांमधील १७,६७४ स्त्रियांची माहिती एकत्र तपासण्यात आली, तेव्हा गर्भारपणापासून प्रसूतीनंतरपर्यंत त्याच प्रसविकांनी काळजी घेतलेल्या स्त्रियांमध्ये अवजार लावून करायच्या प्रसूती कमी आढळल्या, दिवस पुरे होण्याआधीच्या प्रसूतींचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी होते, आणि आई वा बाळ यांना अधिक धोका झाल्याचे दिसले नाही. या चाचण्या श्रीमंत देशांतल्या होत्या, ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. भारतात हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने २०११ पासून प्रसविका घडवण्यास सुरुवात केली आणि पुढे तेलंगण सरकारने त्यांच्याच मदतीने सरकारी परिचारिकांना हे शिक्षण दिले. राष्ट्रीय धोरणाला या अनुभवाचा मोठा आधार मिळाला. या धोरणानुसार प्रसविकांचा कक्ष मोठ्या रुग्णालयाच्या आवारातच, नेहमीच्या प्रसूतिकक्षाला लागून असतो, जेणेकरून गरज पडताच स्त्रीरोगतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह हाताशी असावे.

गर्भवतीने पहिली भेट शक्यतो पहिल्या १२ आठवड्यांत घ्यावी, आणि ती इतर भेटींपेक्षा लांब चालेल हे गृहीत धरावे. आधीची बाळंतपणे कशी झाली, गर्भपात झाला होता का, रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा क्षयरोग आहे का, घरात कोणाला सिकलसेल आहे का, अशी विचारपूस प्रसविका करते. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळत असल्याने तेथे शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. घरी जेवायला कोण वाढते, कष्टाचे काम किती करावे लागते, नवऱ्याकडून वा सासरकडून त्रास होतो का, हेही ती एकांतात विचारते, आणि तसे विचारणे हा भोचकपणा नसून तिच्या कामाचाच भाग आहे. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, सिफिलिस आणि लघवीची तपासणी याच वेळी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून गर्भारपणात आरोग्यसेविकेशी किंवा डॉक्टरांशी किमान आठ भेटी व्हाव्यात असे सुचवले आहे, तर भारताच्या कार्यक्रमात किमान चार तपासण्या अपेक्षित आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला, २०१६ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, आणि प्रसविकेकडे जाणाऱ्या स्त्रीनेही ती चुकवू नये. प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजला जातो, कारण तो १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीत प्रथिने आढळली तर पुढे झटके येण्याची भीती असते. पोटावर हात ठेवून गर्भाशय कुठवर वाढले, बाळाचे डोके वर आहे की खाली, ते आडवे तर नाही ना, हे प्रसविका चाचपून पाहते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात ओटीच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजलेले सेंटिमीटर साधारणपणे आठवड्यांच्या संख्येइतके भरतात, आणि ते मागे पडू लागले तर बाळाची वाढ खुंटल्याची शंका घेऊन सोनोग्राफीला पाठवले जाते. एवढ्या साध्या साधनांनी इतके कळू शकते, यातच या विद्येचे मोल आहे.

रक्तक्षयाचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण २०१९-२१ च्या पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी आढळले. रक्त कमी असलेल्या स्त्रीला प्रसूतीच्या वेळचा थोडासा जादा रक्तस्रावही झेपत नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या म्हणजे काम झाले असे न मानता, त्या ती खरोखर घेते का, मळमळ होत असल्यास जेवणानंतर घेऊन पाहिल्या का, चहाबरोबर तर घेत नाही ना, हे चांगली प्रसविका दर वेळी विचारते आणि त्यासाठी लागणारा वेळ देते.

प्रसविकेच्या हाती प्रत्येक बाळंतपण सोपवता येत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. जुळी बाळे, पायाळू किंवा आडवे बाळ, गर्भाशयाच्या तोंडावर आलेली वार, वाढलेला रक्तदाब, इन्शुलिन लागणारा मधुमेह, तीव्र रक्तक्षय, हृदयविकार, पूर्वीचे सिझेरियन किंवा दिवस भरण्याआधी सुरू झालेल्या कळा, यांपैकी काही असल्यास मुख्य जबाबदारी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. अशा स्त्रीलाही प्रसविकेची सोबत आणि समजूत मिळू शकते, निर्णय मात्र डॉक्टरांचा असतो.

आपल्याकडची एक रूढी या सेवेच्या आड येते, आणि तिचा विचार धोरण आखणाऱ्यांनी पुरेसा केलेला नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत महाराष्ट्रात अजूनही घट्ट आहे, त्यामुळे सातव्या महिन्यात ओटी भरल्यावर सासरच्या गावची तपासणी सुटते आणि ऐन महत्त्वाच्या काळात नवा दवाखाना, नवी माणसे गाठावी लागतात. आईजवळ राहण्याने मुलीला जो धीर मिळतो तो मोलाचा आहे, म्हणून ही पद्धत मोडावी असे कोणी म्हणणार नाही. पण मग सोनोग्राफीचे अहवाल आणि सगळ्या नोंदी असलेले माता व बाल संरक्षण कार्ड सोबत नेणे, आणि माहेरच्या प्रसविकेची किंवा एएनएमची भेट गेल्या गेल्याच घेणे, हे ओटीच्या सामानाइतकेच आवश्यक मानले पाहिजे. दुर्गम आदिवासी भागातील स्त्रियांसाठी राज्य सरकारने काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ नावाची सोय केली आहे. तिथे प्रसूतीच्या काही दिवस आधी येऊन राहता येते, आणि पावसाळ्यात नाले भरून रस्ता तुटणाऱ्या पाड्यांसाठी ती फार उपयोगाची आहे.

आता प्रत्यक्ष प्रसूतीकडे वळू. सुरुवातीच्या कळा येतात आणि जातात, त्यांत नियमितपणा नसतो, आणि पहिलटकरणीच्या बाबतीत ही अवस्था कितीतरी तास चालू शकते. या काळात दवाखान्यात येऊन खाटेवर पडून राहण्यापेक्षा घरी हिंडणे-फिरणे, हलके खाणे आणि विश्रांती घेणे बरे, असे प्रसविका सांगते. मात्र पाणमोट फुटली, अंगावरून रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा ताप आला, तर कळांची वाट न पाहता १०२ किंवा १०८ वर फोन करून निघायचे असते. घर दवाखान्यापासून दूर असेल तर लवकर येणेच योग्य.

गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडते तेव्हा ते १० सेंटिमीटर रुंद झालेले असते. पूर्वी ते ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे असे मानून, तसे न झाल्यास कळा वाढवण्याचे इंजेक्शन देण्याची पद्धत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हा निकष मागे घेतला आणि प्रसूतीचा सक्रिय टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरावा, पहिलटकरणीला त्यानंतर १२ तासांपर्यंत आणि आधी बाळंत झालेल्या स्त्रीला १० तासांपर्यंत वेळ लागणे स्वाभाविक मानावे, असे सांगितले. प्रसविकेच्या संयमाला यामुळे शास्त्राचा भक्कम आधार मिळाला. आई आणि बाळ दोघे सुस्थितीत असताना केवळ घड्याळाकडे पाहून घाई करणे अयोग्य आहे, आणि ऑक्सिटोसिनची बाटली सुरू करून स्त्रीला एकटे सोडणे तर धोक्याचेच आहे, कारण त्या औषधाने कळा प्रमाणाबाहेर वाढल्यास बाळाला प्राणवायू कमी पडतो आणि क्वचित गर्भाशय फाटते.

वाट पाहणे याचा अर्थ स्वस्थ बसणे असा नाही. सक्रिय टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकले जातात; ते मिनिटाला ११० ते १६० असणे अपेक्षित असते, आणि जोर देण्याच्या टप्प्यात ते दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. दहा मिनिटांत किती कळा येतात, आईची नाडी आणि रक्तदाब काय आहे, गर्भजल स्वच्छ आहे की हिरवट, हे सारे एका तक्त्यावर वेळ घालून नोंदवले जाते. आतून तपासणी साधारण चार तासांनी एकदा पुरते. ती करण्यापूर्वी स्त्रीला सांगणे, तिची संमती घेणे आणि पडदा लावणे हा शिष्टाचार पाळलाच पाहिजे, आणि शिकाऊ विद्यार्थ्यांनी एकामागून एक तपासणी करणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. सरसकट एनिमा देणे, केस काढणे, तोंडाला पाणीही लागू न देणे या जुन्या प्रथांचा काही लाभ नसल्याचे सिद्ध झाले आहे.

कळांचे दुखणे प्रसविका नाहीसे करू शकत नाही. पाठीच्या कण्यात औषध देऊन वेदना थांबवण्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो, आणि ज्या स्त्रीला तो मार्ग हवा असेल तिला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रसविका कंबर चोळून देते, गरम पाण्याचा शेक देते, श्वास कसा घ्यावा हे दाखवते, चालायला, ओणवे व्हायला, उकिडवे बसायला सुचवते. उताणे झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो, म्हणून बसून, कुशीवर किंवा गुडघ्यांवर टेकून बाळंत होणे शरीराला सोयीचे जाते. जुन्या सुईणी हे अनुभवाने जाणत होत्या. आणि या सगळ्याहून अधिक मोलाचे म्हणजे ओळखीचे माणूस जवळ असणे. आपली आई, बहीण, जाऊ किंवा नवरा सतत सोबत असेल तर प्रसूती लवकर होते आणि सिझेरियनची गरज कमी पडते, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे, आणि केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिकक्षात एका सोबतिणीला प्रवेश देण्याची सूचना केली. अनेक ठिकाणी जागेची सबब सांगून ही सूचना बाजूला ठेवली जाते. एका पडद्याची आणि एका खुर्चीची व्यवस्था करून जो लाभ मिळतो, तो नाकारणे अन्यायाचे आहे.

बाळ बाहेर येताना पोट दाबून ढकलण्याची रीत अनेक ठिकाणी रूढ आहे. तिने गर्भाशयाला आणि बाळाला इजा होऊ शकते, त्यामुळे प्रसविका ती कधीही वापरत नाही. योनिमार्गाला छेद देऊन टाके घालणे हेही सर्रास करायचे नसते, बाळाचे ठोके घसरत असतील तर किंवा तशीच निकड असेल तर ते केले जाते. बाळ जन्मताच त्याला पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, वरून पांघरूण घालतात, आणि नाळ किमान एक मिनिट थांबून कापतात, कारण तेवढ्या वेळात वारेतले रक्त बाळाकडे जाऊन त्याच्या शरीरातील लोहाचा साठा वाढतो. बाळ रडले नाही किंवा श्वास घेत नसेल तर मात्र पहिल्याच मिनिटात पिशवी आणि मुखवट्याने हवा देण्यास सुरुवात करावी लागते, आणि हे कौशल्य प्रसविकेच्या हातात सरावाने मुरलेले असते.

खरा धोका पुष्कळदा बाळ झाल्यानंतर, घरचे आनंदात असताना उद्भवतो. वार पडल्यावर गर्भाशय आकसून घट्ट व्हायला हवे. ते सैल राहिले तर त्यातून वेगाने रक्त वाहू लागते आणि थोड्याच अवधीत जीव जाऊ शकतो. हा धोका टाळण्यासाठी बाळ होताच ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन प्रत्येक मातेला दिले जाते. रक्त किती गेले याचा अंदाज नजरेने नेहमी कमी धरला जातो, म्हणून खुणा केलेल्या पिशवीत ते जमा करून मोजण्याची पद्धत आली आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा मोजणीबरोबर गर्भाशय चोळणे, औषधे आणि सलाइन हे उपाय एकदमच सुरू केल्याने तीव्र रक्तस्राव आणि त्यातून होणाऱ्या गंभीर परिणामांचे प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झाले. ५०० मिलिलिटरची मर्यादा ओलांडण्याआधीच सावध होणारी व्यक्ती खाटेजवळ असणे हा या उपचाराचा पहिला भाग आहे, आणि प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास प्रसविका आईजवळ थांबते ते याच कारणासाठी. झटके येत असल्यास मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच पुढे पाठवणे, हेही तिला शिकवलेले असते.

प्रसूती अडली, बाळाचे ठोके बिघडले किंवा रक्तस्राव आटोक्यात येईना, तर प्रसविका स्त्रीला डॉक्टरांच्या स्वाधीन करते. याला सेवेचे अपयश समजू नये; योग्य वेळी हात वर करणे हाच तिच्या शिक्षणाचा कळस आहे. अशा वेळी घरच्यांनी आधी सांगितले होते ते आता का बदलले असा वाद घालण्यात वेळ घालवू नये, आणि प्रसविकेनेही काय घडत आहे हे त्यांना दोन वाक्यांत का होईना, सांगितले पाहिजे.

पहिल्या तासात बाळाला अंगावर पाजायला घ्यायचे असते. पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, काढून टाकण्याची किंवा त्याआधी मध-साखरेचे पाणी चाटवण्याची चाल अजून काही घरांत आहे. चिकात बाळाला जंतूंपासून वाचवणारी द्रव्ये असतात आणि मधातून बाळाला विषबाधा होण्याची भीती असते, त्यामुळे या बाबतीत प्रसविकेने नमते घेऊ नये. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा, तेलाचे मालीश यांना मात्र तिने आनंदाने पाठिंबा द्यावा, कारण त्यानिमित्ताने बाळंतिणीला पोटभर अन्न आणि विश्रांती मिळते. कोंडलेल्या खोलीत शेगडीचा धूर करणे आणि बाळंतिणीचे पाणी तोडणे थांबलेच पाहिजे.

दवाखान्यातून घरी गेल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देते. बाळ पीत नाही, थंड पडले आहे, जोरजोरात श्वास घेते, तळपाय पिवळे दिसतात, आईला ताप आहे, स्रावाला दुर्गंधी येते, रक्त पुन्हा वाढले आहे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाळंतीण सतत रडत असेल, झोपत नसेल, बाळाकडे पाहवत नाही असे म्हणत असेल, तर ते तिचे नाटक नसून प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. पुढचे मूल किती अंतराने हवे, तांबी बसवायची की दुसरे साधन वापरायचे, ही बोलणी खरे तर गर्भारपणातच व्हायला हवीत, म्हणजे निर्णय त्या स्त्रीचा राहतो.

ही सेवा महाराष्ट्रात सर्वांपर्यंत पोहोचायची तर सरकारने प्रसविकेचे पद स्वतंत्र ठेवले पाहिजे. १८ महिने शिकवलेल्या परिचारिकेची बदली महिन्याभरात शस्त्रक्रियागृहात किंवा लसीकरणावर होणार असेल, तर एएनएमच्या बाबतीत पन्नास वर्षांपूर्वी जे झाले त्याचीच पुनरावृत्ती होईल. स्त्रीरोगतज्ज्ञांनीही तिला आपली स्पर्धक न मानता जबाबदारी वाटून घेतली पाहिजे. निरोगी प्रसूती तिच्याकडे गेल्या तर त्यांचा वेळ आणि कौशल्य गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी मोकळे होईल. आणि ज्या घरात सध्या कोणी गर्भवती आहे, त्या घरच्यांनी पुढच्या ९ तारखेच्या तपासणीला तिच्यासोबत जावे आणि विचारावे: कळा सुरू झाल्यावर हिच्याजवळ कोण थांबेल, आमच्यापैकी एकाला आत येऊ द्याल का, आणि काही बिघडले तर हिला कुठे, कोणत्या गाडीने न्याल? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दिवस भरण्याआधी मिळवावीत.